जास्तीचा दांडा: साधं आणि नेमकं यंत्र घडवायची रीत

खानापूरच्या पलीकडे एका गोठ्यात आमचीच कडबाकुट्टी, म्हणजे वैरण कापायचं मशिन, बघायला गेलो होतो. मशिन विकून दोन वर्षं झाली होती. वैरणीचा तुकडा लहान-मोठा करायला आम्ही त्याला चार खाचांचा गिअरचा दांडा बसवला होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये त्या दांड्याचं कोण कौतुक! गिअरच्या चार जोड्या, वेगळं कास्टिंग, दोन जास्तीची बेअरिंगं. माहितीपत्रकावर पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत 'चार प्रकारची कुट्टी'. गोठ्यात बघतो तर दांड्याला म्हशीचं दावं टांगलेलं. घरच्या मावशींना विचारलं, हा कधी बदलता?

"त्याला कोण हात लावतंय ओ? दावं अडकवायला बरं पडतंय."

पुढच्या दोन महिन्यांत निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव तालुका असे चौदा गोठे हिंडलो. अकरा ठिकाणी दांडा पहिल्या दिवशीच्याच खाचेत होता, त्यातल्या काही ठिकाणी तर गंजून तिथेच बसलेला. त्यानंतर आम्ही ते मशिन नव्याने मांडलं. त्या कामातून हाताला जी रीत लागली ती इथे लिहितो. उदाहरण कडबाकुट्टीचं असलं तरी तुम्ही पिठाची गिरणी बनवत असाल, नाहीतर दूध डेअरीच्या हिशेबाचं ॲप, पायऱ्या याच राहतील.

आधी एक वाक्य लिहा

कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा: कोण, कधी, कुठे, कोणतं काम, किती वेळात. 'शेतकऱ्यांसाठी बहुउपयोगी यंत्र' हे वाक्य नव्हे. ते जाहिरातीचं कापड. आमचं वाक्य चौथ्या खेपेला जमलं: 'पहाटे पाच वाजता, एका बल्बच्या उजेडात, एकटी बाई चार जनावरांची एका वेळची वैरण पंधरा मिनिटांत, हात सुखरूप ठेवून कापेल.'

या वाक्यातला प्रत्येक शब्द पुढे कामाला येतो, म्हणून त्यावर दोन दिवस घालवायला हरकत नाही. 'चार जनावरांची' घ्या. दुभत्या जनावराला दिवसाला साधारण २० ते २५ किलो हिरवी आणि ५-६ किलो वाळली वैरण लागते. चार जनावरांची मिळून सव्वाशे किलोच्या आसपास, म्हणजे एका वेळची साठ-पासष्ट किलो. तासाला ३०० किलो कापणारं मशिन हे काम तेरा मिनिटांत उरकतं. मग तासाला एक टनाचं मशिन कुणासाठी बनवायचं? दुकानात तोच आकडा सगळ्यात आधी सांगितला जातो आणि गोठ्यात त्याचा उपयोग शून्य. मोठा आकडा म्हणजे मोठी मोटर. २ एचपी, म्हणजे दीड किलोवॅटची मोटर घरच्या सिंगल फेजवर चालते. त्याच्या फार वर गेलात की शेतातल्या थ्री फेजची वाट बघावी लागते, आणि ती लाइट पहाटे पाचला असेलच असं नाही.

'एकटी बाई' या दोन शब्दांनी तर अर्धं मशिन बदललं. ते पुढे येईलच.

सीमाभागातल्या माणसाला हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये कारखाना कुंडल रोडला हलला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपता खपेना. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नांगर एकच काम करत होता. त्यामुळे शंका घेणाऱ्याला दाखवायचंही एकच होतं: तास ओढा आणि पीक बघा. चार कामं करणारं अवजार घेऊन गेलं असतं तर शंकाही चार झाल्या असत्या.

गोठ्यात जा आणि तोंड बंद ठेवा

'तुम्हाला काय पाहिजे?' असं विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. तुम्ही दहा सोयी सांगा, समोरचा दहाहीला 'असू दे की' म्हणेल. त्यापेक्षा काम चालू असताना जा, कोपऱ्यात पोत्यावर बसा, घड्याळ आणि वही जवळ ठेवा.

मी काय लिहीत होतो ते सांगतो. कोणत्या हाताने वैरण सारतात, दुसरा हात तेव्हा कुठे असतो, काय शोधायला उठावं लागतं, कशावर पाय ठेवतात, कुठे शिवी निघते. शिवी निघाली की तारांकित करायचं. मशिनवर आपण न बसवलेलं काय काय आलंय तेही बघायचं: तारेने बांधलेली फळी, खाली सारलेली वीट, सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आपल्या डिझाइनमध्ये जे राहून गेलं ते लोकांनी स्वतःच्या हाताने तिथे बांधून ठेवलेलं असतं.

हुक्केरीकडच्या एका घरात आजोबांनी गिअरच्या दांड्याकडे बोट दाखवून विचारलं, "इद याक बेक री?" हे कशाला पाहिजे हो. मी दहा मिनिटं मोडक्या कन्नडमध्ये समजावलं. ते ऐकून घेऊन हसले आणि वैरण सारायला लागले. एखादा भाग समजावायला दहा मिनिटं लागली तर ती दहा मिनिटं त्याच्या किमतीत धरा.

सगळं जमिनीवर मांडा

मशिन पूर्ण खोला आणि शेडच्या फरशीवर सुटा करून मांडा, अगदी वायसरसकट. ॲप असेल तर प्रत्येक पान आणि प्रत्येक बटण वेगळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावा. मग एकेका भागाला तीन प्रश्न: हा कोणी मागितला? महिन्यातून किती वेळा हात लागतो? बिघडला तर तालुक्याच्या गावात कोण दुरुस्त करेल?

पहिल्या प्रश्नाला सगळ्यात लाजिरवाणी उत्तरं मिळतात. गिअरचा दांडा कुणीच मागितला नव्हता. दुसऱ्या एका मशिनला तीन खाचा होत्या, म्हणून आम्ही चार केल्या. एवढंच.

तिसऱ्या प्रश्नासाठी पाने, म्हणजे स्पॅनर, मोजा. आमचं जुनं मशिन पूर्ण खोलायला पाच वेगवेगळे पाने आणि एक ॲलन की लागायची. आता एम-८ आणि एम-१२ (८ आणि १२ मिलिमीटर जाडीचे) असे दोनच बोल्ट ठेवलेत, म्हणजे १३ आणि १९ चा पाना. हे दोन पाने ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल असलेल्या बहुतेक घरांत सापडतात. बेअरिंगही एकाच नंबरचं, ६२०५. मशिनच्या एका जागी त्याहून लहान चाललं असतं आणि दर नगाला थोडे पैसे वाचले असते, पण मग दुकानदाराला दोन नंबर सांगायचे, नेमकं चुकीचं आणायचं आणि पुन्हा बस पकडायची. तो फेरा गिऱ्हाइकाच्या माथी मारून आपण वाचवलेले पैसे हिशेबात धरायचे नसतात.

काढताना क्रम पाळा

आता काढणं. इथेच बहुतेक जण गडबड करतात, कारण काढलेल्या भागाचं काम कोण करणार ते ठरवत नाहीत. माझा क्रम असा: आधी भाग पूर्ण काढून बघा. जमलं नाही तर त्याचं काम शेजारच्या भागाला देता येतं का बघा. तेही जमलं नाही तर तो आत ढकला, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणार नाही. तिन्ही जमलं नाही तरच बाहेर राहू द्या.

गिअरच्या दांड्याचंच बघा. तुकड्याची लांबी बदलायची गरज खोटी नव्हती. हिरव्या मक्याला आणि उसाच्या वाढ्याला मोठा तुकडा चालतो, वाळल्या कडब्याला बारीक लागतो. पण हा बदल हंगामातून दोनदा होतो, रोज नव्हे. लांबीचं गणित सोपं आहे: मिनिटाला जेवढी वैरण आत सरकते तिला पाती बसवलेल्या चाकाचे फेरे आणि पात्यांची संख्या यांच्या गुणाकाराने भागायचं. आमचे रोलर मिनिटाला १६ मीटर वैरण ओढतात, चाक मिनिटाला ४०० फेरे फिरतं. चार पाती असली तर मिनिटाला १६०० काप, म्हणजे तुकडा १० मिलिमीटरचा. समोरासमोरची दोन पाती काढली की ८०० काप, तुकडा २० मिलिमीटरचा. गिअर नाही, दांडा नाही, काही नाही. पाती धार लावायला तशीही काढावी लागतात, तेव्हाच दोन कमी बसवायची.

समोरासमोरचीच काढायची हे महत्त्वाचं. शेजारची काढली तर चाकाचा तोल जातो, मशिन थरथरतं आणि बेअरिंग खातं. हे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवायचं का? नाही. आम्ही समोरासमोरच्या दोन पात्यांची भोकं थोडी जास्त अंतरावर पाडली. काढायची ती जोडी हाताला वेगळीच लागते आणि दुसऱ्या जागी बसतच नाही. ड्रिलिंगचा जिग, म्हणजे भोकं पाडायचा साचा, नवा करावा लागला, टर्नर आणि फिटर दोघंही आठवडाभर माझ्यावर नाराज होते. पण साधेपणाचं हे असंच असतं. ॲपलमध्ये काम केलेले संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर म्हणायचे की कोणत्याही वस्तूतली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही, ती बनवणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने एवढंच ठरवायचं असतं. आमच्या बाबतीत ती फिटरने सोसली.

भाग कमी केल्याने टिकाऊपणा कसा वाढतो याचं आपल्या मुलखातलं उदाहरण म्हणजे गावोगावचा हातपंप. सुरुवातीला बोअरवर बसवलेले बिडाचे पंप पाश्चात्त्य देशांतल्या शेतघरांच्या नमुन्यावर बनवलेले होते. एका कुटुंबापुरती त्यांची ताकद. इथे अख्खं गाव दिवसभर त्यांवर तुटून पडलं आणि दांडीचे सांधे झिजून ते बंद पडू लागले. जालन्यात आणि पुढे सोलापुरात मिशनच्या कार्यशाळांनी अनेक सांध्यांऐवजी एकाच सांध्यावर फिरणारी दांडी आणि साखळी बसवली. त्याच सोलापूर पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. त्यावर कुणाचं पेटंट ठेवलं नाही, कुठल्याही कारखान्याने बनवावा. पुढच्या 'मार्क थ्री'मध्ये तर पाइप न उपसता आतला दट्ट्या वर काढता येऊ लागला. आधी सांधे कमी केले, मग दुरुस्ती सोपी केली. हा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कशाला हात लावायचा नाही

चाकावरचं झाकण, बेल्टवरची जाळी आणि रोलर उलटे फिरवणारा दांडा. या तीन गोष्टी 'साधेपणा'च्या नावाखाली काढलेली मशिन मी बघितली आहेत, आणि त्यांच्यासमोर बसलेली बोटं गेलेली माणसंही. हे काढणं म्हणजे चोरी.

उलट्या दांड्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. जुन्या मशिनवर दोन दांडे होते, एक गिअरचा आणि एक रोलर उलटे फिरवायचा. दोन्ही एकाच जाडीचे, उजव्या बाजूला, वीतभर अंतरावर. आता डोळ्यांसमोर आणा: पहाटेची वेळ, वैरणीबरोबर पदर आत ओढला गेलाय, उजवा हात त्यातच अडकलाय. डाव्या हाताने पलीकडचा दांडा ओढायचा, आणि तोही दोनांतला बरोबर असलेला. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की समोरचे पर्याय वाढतात तसा माणसाचा प्रतिसादाचा वेळ वाढतो. रोलर मिनिटाला १६ मीटर ओढतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ सेंटिमीटर. अर्धा सेकंद विचारात गेला की हात अर्ध्या फुटाच्या जवळपास पुढे गेलेला असतो.

तोवर मी गिअरच्या दांड्याला निरुपयोगी समजत होतो. तो निरुपयोगी नव्हता, घातक होता. कामाच्या दांड्याची जागा त्याने अडवली होती. तो गेल्यावर उरलेल्या एकाच दांड्याची आम्ही आडवी दांडी केली, वैरण आत सारायच्या पन्हाळीच्या तोंडासमोर, कमरेच्या उंचीला. हात अडकला तरी पोटाने किंवा मांडीने ढकलली की रोलर उलटे. एकट्या बाईला दुसरा हात मोकळा असेलच असं धरून चालायचं नाही, हे त्या पहिल्या वाक्यानेच सांगितलं होतं.

स्टिकरची कसोटी

ही कसोटी आपल्या भागाची खास देणगी आहे. दुसरीकडे मशिनवर एका भाषेत स्टिकर लावला की काम झालं. बेळगाव जिल्ह्यात कन्नड हवं, मराठी हवी, आणि दुरुस्तीला येणारा परगावचा असेल तर हिंदी. एक सूचना तीनदा छापायची तर अक्षरं मुंगीएवढी होतात. शेणाचे हात, पाण्याचा पाइप आणि एक पावसाळा, की तिन्ही भाषा समान पुसल्या जातात. भाषेचं भांडण तेवढ्यापुरतं तरी मिटतं म्हणायचं.

म्हणून नियम असा करा: स्टिकर लिहायची वेळ आली की थांबा आणि विचारा, ही सूचना लोखंडातच बसवता येईल का? आमच्या मशिनवर सात स्टिकर होते. त्यातला एक म्हणजे 'चाक पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये'. मोटर बंद केली तरी जड चाक अर्धं मिनिट गरगरत राहतं, आणि घाईत माणूस झाकण उघडतो. आम्ही काय केलं, तर झाकणाच्या बोल्टचे आटे लांब ठेवले. एम-१२ चा बोल्ट एका फेऱ्याला पावणेदोन मिलिमीटर सरकतो. ३५ मिलिमीटर आटे म्हणजे वीस फेरे. वर नट नायलॉकचा, म्हणजे बोटाने भरकन फिरत नाही, पाना लावूनच काढावा लागतो. आमच्या सगळ्यात चलाख पोरालाही तो काढायला पाऊण मिनिट लागलं. तोवर चाक थांबलेलं असतं. स्टिकर निघाला.

सातांपैकी आता दोन उरलेत. त्यांवर अक्षर नाही, चित्र आहे.

दुकानाच्या कट्ट्यावर टिकून राहा

इथवर सगळं तुमच्या हातात होतं. आता गाठ दुकानदाराशी. नवीन मशिन घेऊन गेलो तेव्हा आमच्या जुन्या विक्रेत्याने पहिलं वाक्य टाकलं, "दांडा काढला, मग किंमत कमी करा." त्याचंही खरंच आहे. कट्ट्यावर दोन मशिन शेजारी असली की गिऱ्हाईक दांडे मोजतं, गोठ्यातली पहाट तिथे दिसत नाही.

१९७९ मध्ये सोनीने वॉकमन काढला तेव्हा हेच झालं होतं. रेकॉर्डिंग नसलेला टेप कोण घेईल, अशी शंका विक्रेत्यांनाही होती. रेकॉर्डिंग आणि स्पीकर दोन्ही काढले होते म्हणूनच तो कमरेला लावून फिरता येत होतं. पण हे सांगून कळत नाही, कानाला लावून कळतं. आम्हीही तेच केलं. दुकानात माहितीपत्रक वाटण्याऐवजी आठवडी बाजाराच्या दिवशी मशिन आणि कडब्याची पेंडी ठेवली. बायकांना म्हटलं, चालवा. आडवी दांडी पोटाने ढकलल्यावर वैरण उलटी बाहेर येते हे एकदा बघितलं की दांडे मोजणं थांबतं. किंमत आम्ही कमी केली नाही. गिअरचे वाचलेले पैसे पात्याच्या पोलादात घातले.

आणि एक नकारवही ठेवा. कोणी नवीन सोय मागितली की लगेच हो नाही, लगेच नाहीही नाही. वहीत तारीख, माणूस आणि मागणी लिहायची, आणि त्याखाली मागणीमागची अडचण. ही शेवटची ओळ विचारून विचारून काढावी लागते. एकाने मशिनला चाकं मागितली. खोदून विचारल्यावर कळलं की गोठा धुताना मशिनखालचं शेण निघत नाही. आम्ही पाय चार इंच उंच केले, खराटा खालून जाऊ लागला. दुसऱ्याला तास मोजणारा मीटर हवा होता, कारण पात्यांना धार कधी लावायची ते कळत नव्हतं. त्याला तुकड्याची कड बघायला शिकवलं: स्वच्छ कापली असेल तर ठीक, चिंधी निघत असेल तर धार गेली. तीन वेगवेगळ्या गावांतून एकच अडचण आली की मगच मी पेन्सिल हातात घेतो.

अनोळखी हातात द्या

शेवटची चाचणी स्वस्त आहे, तरी बहुतेक कारखानदार ती टाळतात. मशिन कधी न बघितलेल्या तीन माणसांना बोलवा, त्यातला एक तरी तुमची भाषा न येणारा असू द्या. मोटरला वायर न जोडता मशिन समोर ठेवा आणि म्हणा, वैरण कशी घालाल, अडकली तर काय कराल, पाती कशी काढाल? त्यानंतर गप्प. हात कुठे थबकला ते लिहा. आमच्यात दोघं जण बेल्ट ताणायच्या बोल्टपाशी थबकले, कारण तो मोटरच्या मागे लपला होता. पुढच्या लॉटमध्ये तो पुढे आणला.

सध्या नकारवहीत एक मागणी दोनदा आली आहे, एकदा अथणीकडून आणि एकदा निपाणीहून: मोबाइलवरून मशिन चालू करता आलं पाहिजे. समोर कोणी नसताना पाती फिरू लागतील असं मशिन मी बनवणार नाही, हे ठरलेलं आहे. पण मागणीमागची ओळ अजून कोरी आहे. अथणीचा पोरगा म्हणाला, आई गुडघ्यामुळे स्विचपर्यंत जात नाही. स्विच कुठे आहे ते बघायला येत्या रविवारी जायचंय.